चाक मोठं की रिम मोठी?

खांदशेकणीची संध्याकाळ होती. बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून झालं होतं आणि मी ओट्यावर बसून पुरणाची डाळ निवडत होते. तेवढ्यात वळणावर गाडीचा आवाज आला आणि मागोमाग ‘टण्ण’! फरशीवर पातेलं पडावं तसा. आमचे चिरंजीव पुण्याहून आले होते.

या सदरात मी एरवी सणवार, लग्नकार्यं, गावातली माणसं, फार तर लोणच्या-पापडांबद्दल लिहिते. आज चाकांबद्दल लिहिणार आहे. मैत्रिणींनो, पान उलटू नका. या चाकांपायी आमच्या घरात बापलेकांचा तीन दिवस अबोला होता, म्हणजे विषय कौटुंबिकच आहे. शिवाय मी सुताराची मुलगी. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, आसपासच्या दहा गावांच्या बंड्यांची चाकं करायचे. तेव्हा चाकांवर चार शब्द बोलले तर कुणी नाक मुरडू नये.

गाडी तशी लहान. पाच दरवाज्यांची, पण पोटात टर्बो इंजिन. तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही. मुलगा म्हणतो, म्हणायचं. हे म्हणतात, ‘स्पोर्ट्स कारमध्ये दोन माणसं बसतात. हिच्यात पाच कोंबता येतात.’ जुनीच घेतली त्यानं, स्वतःच्या पगारातून, हौसेनं. तोवर ठीक होतं. पण यंदा पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं कारखान्यातून आलेली पंधरा इंची चाकं काढली आणि सतरा इंची बसवली. काळीभोर, पाच पाकळ्यांची. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू! टायरांसकट एक लाख पाच हजार रुपये.

‘चौदा क्विंटल कापूस,’ हे म्हणाले. साडेसात हजारांचा भाव धरून. आमच्याकडे सगळे हिशेब शेवटी कापसावर येतात.

आमचं जैनथ ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता, आता त्याला चव्वेचाळीस नंबर म्हणायचं, पण जुनी माणसं अजून सात नंबरच म्हणतात, तो पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे येतो. वाटेत भोरजचा फाटा लागतो. तिथून आत वळलं की जैनथ आणि पुढे बेला. इथलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर प्रसिद्ध आहे. परमार राजा जगद्देवाच्या काळातला शिलालेख इथं सापडला, त्यात सूर्याला वंदन आहे. सूर्याच्या रथाला म्हणे एकच चाक. त्यामुळे चार चाकांचा सेट घ्या म्हणून त्याला कुणी गळ घातली नसणार.

आमची जमीन काळी. कापसाला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैरीण. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर वरखाली होतं. म्हणून आमच्याकडचे आतले रस्ते नुसते खड्ड्यांचे नसतात, लाटांचेही असतात. त्यात जड ट्रक गेले की दोन बाजूंना दोन खोल चाकोऱ्या पडतात.

आता यांच्या कमरेबद्दल. दोन वर्षांपूर्वी यांच्या मणक्यामधली गादी सरकली. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर शेतीत फार वाकावाकी केली, त्याचं फळ. नागपूरचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी बोलावतात. पोळ्यानंतरच्या सोमवारी जायचं होतं आणि या वेळी मुलगाच आपल्या गाडीतून नेणार होता. त्यासाठी तर तो रजा काढून आला होता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी औषधं आणायला दोघं आदिलाबादला गेले. मला वाटलं, बरं झालं, बापलेक थोडे एकत्र फिरतील. दोन तासांनी गाडी परत आली ती एकट्या मुलाची. चेहरा पडलेला.

‘पप्पा कुठंयत?’

‘भोरजला उतरले. बेल्याच्या बसनं येतायत.’

पंधरा मिनिटांनी हे आले, कमरेवर हात ठेवून. काही बोलले नाहीत. गरम पाण्याची पिशवी मागितली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मुलगा माडीवर गेला. जेवायला खाली आला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘मी काहीही घेतलं तरी त्यांना आवडत नाही, आई.’ बसच्या आपटण्यापेक्षा आपल्या गाडीचं आपटणं वाईट ठरावं, हे त्याला लागलं होतं. तिकडे यांना वाटत होतं, पोराला चाकांची शान महत्त्वाची, बापाची कंबर नाही. मधे मी. दोन्ही ताटं वाढणारी.

शनिवारी मी मुलाबरोबर निघाले. म्हटलं, आपण स्वतः बसून बघावं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी दोनदा देवाचं नाव घेतलं. बारीक खडीसुद्धा सीटमधून पाठीला कळत होती. ट्रकच्या चाकोरीत टायर शिरलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढ घ्यायचं, मुलाला दोन्ही हातांनी सावरावं लागायचं. पण चौपदरी रस्ता लागला आणि सांगते तुम्हाला, ती गाडी वेगळीच झाली. वळणावर झुकायची नाही, स्टिअरिंग बोटभर फिरवलं की तोंड लगेच तिकडे. दोरीला बांधल्यासारखी चालत होती. मुलाचा चेहरा लहानपणी पतंग उडवताना व्हायचा तसा झाला होता. मी मनात म्हटलं, हौस काही उगाच नाही.

परतताना पाऊस आला. भोरज सोडल्यावर एक पाण्यानं भरलेला खड्डा होता, तो खोल आहे हे कळायला मार्ग नव्हता. पुन्हा तोच ‘टण्ण’, या वेळी दात आपटण्याइतका. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या रिमची कड आत दबलेली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की हवा अशी बाहेर येऊ बघते. त्यावर पुढे चालवणं म्हणजे कधी फुटेल याची वाट पाहणं. नशिबानं डिकीत स्टेपनी होती, जुनी पंधरा इंची. ती लावून, तीन काळी चाकं आणि एक करडं अशी ती स्पोर्ट्स कार बैलगाडीच्या वेगानं जैनथला आली. आदिलाबादच्या टायरवाल्यानं फोनवर सांगितलं, तसलं टायर मागवायला चार दिवस लागतील. सोमवारचं नागपूर राहिलं बाजूला.

त्या रात्री लाइट गेली होती. मुलगा परसात बसला होता, तिथे दादांनी केलेलं एक जुनं चाक भिंतीला टेकून आहे. बंडी केव्हाच विकली, पण ते चाक मी देऊ दिलं नाही. मी कंदील घेऊन गेले. म्हटलं, ‘मला नीट समजावून सांग. तुझी चाकं मोठी. दादांची चाकं तर याहून मोठी होती. दादा म्हणायचे, चाक जितकं मोठं तितका खड्डा लहान. मग तुझ्या चाकांना खड्डा लहान का नाही होत?’

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. आत जाऊन टेप आणला आणि मोजलं. दादांचं चाक साडेचार फूट उंच भरलं. मग गाडीचं मोजलं, दोन फुटांना किंचित कमी. कालनिर्णयच्या उलटलेल्या पानावर त्यानं आकृती काढली. फूटभर रुंद खड्डा. दादांचं चाक त्यात पावणेदोन सेंटिमीटर खाली जातं. गाडीचं चाक चार सेंटिमीटरच्या थोडं वर.

‘दादा बरोबर होते,’ तो म्हणाला. ‘पण आता बघ. माझं पंधरा इंची चाक लावलं तरी चार, आणि सतरा इंची लावलं तरी चारच.’

‘असं कसं?’

‘कारण बाहेरून दोन्ही सारखीच उंच आहेत. चाक मोठं नाही झालं, आई. रिम मोठी झाली.’

इथं मी थांबले. इतकी साधी गोष्ट, पण एक लाख पाच हजारांत ती कुणी सांगितली नव्हती.

तुमच्या दारात चारचाकी असेल तर आत्ता उठून तिच्या टायरवरचे आकडे वाचा. यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांना पाढे येत नसतील, पण हे गणित सगळ्यांना जमेल. मुलाच्या जुन्या टायरवर होतं १८५/६० आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. १८५ चे साठ टक्के म्हणजे १११ मिलिमीटर. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. आता नवं टायर, २१५/४० आर १७. २१५ चे चाळीस टक्के, ८६ मिलिमीटर. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वर-खाली दोनदा १११ मिळवा, ६०३ झाले. सतरा इंच म्हणजे ४३२, त्यात दोनदा ८६, ६०४. पाहिलंत? रिम दोन इंचांनी वाढली आणि चाक वाढलं एक मिलिमीटर. जे वाढलं ते सगळं रबरातून कापून आणलेलं.

बाहेरची उंची अशी जुळवावीच लागते. ती वाढली तर टायर वळणावर मडगार्डला घासतं आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो, कारण काटा चाकाचे फेरे मोजतो. व्यास तीन टक्क्यांनी वाढला तर काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी एकशेतीननं पळत असते. म्हणजे चाकं विकणाऱ्यानं हिशेब चुकवला नव्हता, बरोबरच केला होता. फक्त पाठीचा हिशेब त्यात नव्हता.

टायरमधली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग. मोठा खड्डा आला तर खालची पोलादी स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर काम करतात. पण खडी, डांबराचे कंगोरे, भेगा असल्या बारीक धक्क्यांना तेवढी सवड नसते, ते टायरच्या भिंतीनं लवून गिळायचे असतात. भिंत १११ ची ८६ झाली की गिळायला जागा कमी. शिवाय आत हवाही कमी मावते, म्हणून तेवढंच वजन पेलायला ती जास्त दाबानं भरावी लागते, म्हणजे टायर आणखी टणक. यांच्या मणक्याला जे कळत होतं ते हे. आणि मोठ्या खड्ड्याच्या काठावर टायर पुरतं दबलं की रिमची कड आणि डांबराचा काठ यांच्या चिमट्यात ते सापडतं. तो ‘टण्ण’ तिथला.

दादांच्या चाकाला तर रबर नव्हतंच. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. बाभळीचं लाकूड. धाव चढवायच्या दिवशी आम्हा मुलांना शाळा नसायची, म्हणजे आम्हीच जायचो नाही. गोवऱ्यांची गोल आगटी करून धाव लाल तापवायची, चार जणांनी सांडशीनं उचलून चाकावर ठेवायची आणि घागरीनं पाणी ओतायचं. लोखंड आकसायचं, सांधे कुरकुरत घट्ट व्हायचे आणि वाफेत दादा दिसेनासे व्हायचे. ते चाक खड्ड्यावरून आणि ओल्या काळ्या मातीवरून न रुतता जायचं, पण बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची हेही खरं. माझी मावशी माहेरी यायची तेव्हा बंडीत हातभर कडबा, त्यावर गोधडी, त्यावर मावशी. पुढे डनलॉपच्या बंड्या आल्या. चाक अर्ध्यावर आलं, पण त्यात हवा होती. दादांचं काम त्यांनी निम्मं केलं, तरी पहिल्यांदा डनलॉप बंडीत बसून आले तेव्हा दादा म्हणाले होते, ‘पोटातलं पाणी हाललं नाही बाप्पा.’

हे डनलॉपसाहेब कोण, हेही मुलानंच सांगितलं. जॉन बॉइड डनलॉप, बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर. १८८७ मध्ये पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणकते म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवेची रबरी नळी गुंडाळली, १८८८ मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या चाळीसएक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाला हीच कल्पना सुचली होती, पण तिचं कुणी काही केलं नाही. बापानं पोराला धक्के बसू नयेत म्हणून केलेली गोष्ट. मी यावर काही बोलले नाही. मुलगाही जरा वेळ गप्प होता.

मग त्यानं कापसाचा काटा काढला. स्टेपनीचं चाक टायरसकट साडेपंधरा किलो भरलं. वाकलेलं नवं चाक वीस किलो. चार चाकांचे अठरा किलो जास्त. ‘एवढंच ना,’ मी म्हटलं, ‘अठरा किलोची गोणी तर डिकीत सहज मावते.’ तर म्हणाला, डिकीतली गोणी स्प्रिंगच्या वर असते, चाक स्प्रिंगच्या खाली. खालचं वजन वाढलं की धक्क्यानं उडालेलं चाक परत रस्त्यावर टेकायला उशीर लागतो. शॉकअब्सॉर्बर त्याला आवरता आवरता दमतो. आणि जेवढा वेळ चाक हवेत, तेवढा वेळ ब्रेक नाही की वळण नाही. गुळगुळीत रस्त्यावर दोरीला बांधल्यासारखी चालणारी गाडी खराब रस्त्यावर उड्या मारत पकड सोडते ती यामुळे.

आणि फिरणारं वजन नुसतं ओढावं लागत नाही, फिरवावंही लागतं. अगदी कडेला असलेला एक किलो गाडीच्या वेग घेण्याला दोन किलोंसारखा जड होतो. हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. वऱ्हाडात शंकरपट ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे, पटाचा छकडा किती हलका असतो. घरची बंडी जुंपून पटात कुणी उतरत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्यांचे कायदे मान्य केले. तेव्हापासून पुन्हा सुताराकडे हलक्या छकड्यांची मागणी येते म्हणतात. (बैलांना काय वाटतं तो वेगळा विषय, कधीतरी लिहीन.) मोठी रिम घेतली आणि ती ओतीव, जड असली, तर स्पोर्ट्स कार उलट मंद होते. हलकी, घडीव रिम मिळते, पण तिच्या किमतीत कापूस मोजायला मी बसणार नाही.

मग स्पोर्ट्स कारना मोठी चाकं देतात तरी कशाला? हे मी विचारलं आणि चिरंजीव खुलले. एक तर ब्रेक. वेगवान गाडीला मोठी ब्रेकची तबकडी लागते आणि ती रिमच्या पोटातच मावायला हवी. दुसरं, बुटकी भिंत वळणावर आडवी लवत नाही, त्यामुळे स्टिअरिंगचा हुकूम रस्त्यापर्यंत लगेच पोचतो. मला जे चौपदरीवर जाणवलं ते हेच. तिसरं, दिसणं. दिलीप छाब्रियांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहनमेळ्यात ‘अवंती’ ही देशी स्पोर्ट्स कार दाखवली, पुढे ती रस्त्यावर आली ती वीस इंची चाकांवर. त्यापुढे मुलाची सतरा इंची म्हणजे पोरांची खेळणी.

पण मोठी रिम म्हणजेच वेग, हेही खरं नाही. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत तेरा इंची रिमवर धावत होत्या, आपल्या साध्या मारुतीसारख्या. टायरची जाड भिंतच तिथं निम्मं सस्पेन्शन होती. २०२२ पासून अठरा इंची रिम आली, ती मुख्यतः रस्त्यावरच्या गाड्यांशी साम्य हवं म्हणून, आणि गाड्यांची सस्पेन्शनं नव्यानं करावी लागली. त्याखालच्या फॉर्म्युला टूमध्ये हा बदल २०२० मध्येच झाला. मुंबईचा जेहान दारूवाला त्याच वर्षी तिथं उतरला आणि डिसेंबरात साखीरला पहिली शर्यत जिंकला. म्हणजे चाक बदललं तर गाडीच पुन्हा जुळवावी लागते. आमच्या चिरंजीवांनी स्प्रिंगा होत्या त्याच ठेवल्या आणि चाकं बदलली. त्यात रुंद टायर. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतं, चाकोरीत ते कडेकडेनं ओढलं जातं. विमेवाल्यांना कळवलंस का, असं मी विचारलं, तर तो कंदिलाची वात वर करायला लागला.

सोमवारी शेजारच्या भाऊजींनी त्यांची जुनी गाडी दिली. चौदा इंची चाकं, जाड टायर, रंग उडालेला, मागच्या सीटवर बियाण्यांचा वास. मुलानं पहाटे उठून चारही टायरांची हवा तपासली. दाराच्या आतल्या बाजूला कंपनीनं हवेचा आकडा चिकटवलेला असतो, तो बॅटरीनं वाचून तेवढीच ठेवली, एक पौंड जास्त नाही. पंपवाले सरसकट पस्तीस भरून देतात, त्यावर लक्ष ठेवायला हवं, असं मला सांगितलं. हे पुढे बसले. दोघांचं बोलणं अजून सुरू झालेलं नव्हतं.

भोरजपर्यंत मी मागून यांच्या खांद्यांकडे बघत होते. खड्डे तेच, चाकोऱ्या त्याच. मुलगा दर खड्ड्याआधी आधीच वेग कमी करत होता, खड्ड्यात ब्रेक दाबत नव्हता. पैनगंगेचा पूल येईस्तोवर यांची मान कलली होती. झोपले होते. पांढरकवड्याला चहाला थांबलो तेव्हा जागे झाले, कंबर चाचपली आणि मुलाला म्हणाले, ‘गाडी चांगली चालवतोस.’

‘गाडी चांगली आहे, पप्पा.’

‘ही?’

‘हो. टायरला भिंत आहे.’

यांना काही समजलं नाही, पण चहाचे पैसे मुलाला देऊ दिले. आमच्याकडे तो मोठा तह असतो.

डॉक्टरांनी पट्टा चालू ठेवायला सांगितला आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मुलगा टायर येईपर्यंत आणखी तीन दिवस राहिला. वाकलेली रिम ठोकून सरळ करून देतो म्हणणारे दोघे भेटले. पण ओतीव मिश्रधातूत बारीक चीर राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यानं ती लावली नाही. नवं टायर न वापरता परत केलं. पुण्यात मित्राच्या गॅरेजमध्ये जुनी चाकं होती, ती बसनं मागवली आणि आदिलाबादला बसवून घेतली.

निघायच्या सकाळी हे अंगणात आले. करड्या पंधरा इंची चाकांवर उभी असलेली गाडी त्यांनी चारही बाजूंनी पाहिली. मग काही न बोलता पुढचं दार उघडून आत बसले आणि म्हणाले, ‘भोरजपर्यंत येतो. तिथून बस मिळते.’

बेल्याच्या बसनं परत आले ते थेट परसात गेले. तिथं दादांच्या चाकाशेजारी तीन चांगली काळी चाकं आणि एक वाकलेलं रचून ठेवलं आहे. बराच वेळ बघत उभे होते. मग मला हाक मारून विचारलं, ‘यातल्या दोन चाकांची डनलॉप बंडी होईल का गं?’